काटेभाऊंची घट

काटेभाऊंना कोणी "बरं हाय का?" असं विचारलं, तर ते आपलं वजन सांगायचे. "दोन कट्टे अन् चोवीस किलो," एवढं म्हणायचे आणि चालू लागायचे. विचारणारा तिथेच उभा. बाहेरगावच्या माणसाला वाटायचं, यांना धान विकायचं असेल. गावात मात्र सगळ्यांना ठाऊक होतं की हे त्यांच्या स्वतःच्या देहाचं वजन आहे आणि आज सकाळीच केलेलं आहे.

कट्टा म्हणजे चाळीस किलो धानाचं पोतं. चोरखमारा तलावाच्या नहराखाली आमचं गाव आहे आणि गावात सहकारी संस्थेचं धान खरेदी केंद्र आहे. काटेभाऊ तिथे काट्यावर होते. आधी कितीतरी वर्षं ते हमाल होते. पुढे पाठ गेली, तेव्हा संस्थेने त्यांना काट्याजवळ उभं केलं, आणि ते जे उभे राहिले ते शेवटपर्यंत. मी त्याच केंद्रावर बाबू. आलेल्या धानात ओलावा किती ते यंत्र लावून बघायचं आणि शेतकऱ्याला चिठ्ठी द्यायची, हे माझं काम. वीस वर्षं आम्ही एकमेकांपासून चार हातांवर काढली.

त्यांना जाऊन दीड वर्ष होईल. गावात विचारलंत तर कोणी म्हणेल साखरेनं गेले, कोणी म्हणेल हार्टनं गेले. मी त्यात पडत नाही. ते माझ्या डोळ्यांदेखत वाळत होते, का वाळताहेत हे मला कळत होतं, आणि मी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की मी त्यांचा फार जिवाचा मित्र होतो. मित्र होतो, पण तेवढा नव्हतो.

माणूस दिसला की त्यांच्या मनात आधी आकडा यायचा. लग्नात नवरी मांडवात आली की बायका तिचे दागिने बघायच्या आणि काटेभाऊ मान जराशी तिरपी करून पुटपुटायचे, "एक कट्टा अन् अकरा."

"अन् नवरदेव?" मी विचारायचो.

"दीड. पन पट्टा कसून राह्यला ना, अंदाज चुकते."

एकदा वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हे ऐकलं. वहिनी माहेरच्या कामठ्याच्या, तोंडाने फटकळ. "यायले मानूस दिसतच नाही, बाबू. पोतंच दिसते," त्या म्हणाल्या. तीस वर्षांच्या संसारात आपल्याला नवऱ्याने साडीबद्दल एकदा विचारलं नाही, पण वजन वाढलं की लगेच सांगितलं, हे त्यांचं कायमचं गाऱ्हाणं होतं.

काट्यावर मात्र त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. पोतं ठेवलं, आकडा थांबला की ते असे ओरडायचे की फाटकाबाहेर बैलगाडीवर बसलेल्या माणसालाही ऐकू जावं. मोठा शेतकरी असो की ठेक्याने दोन एकर करणारा, आवाज तोच. कोणी आकड्यावर हुज्जत घातली की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "काटा बोलून राह्यला ना, मंग तुमी कायले बोलून राह्यले?" हे त्यांनी तपासणीला आलेल्या साहेबांना ऐकवलं होतं, माजी सरपंचांना ऐकवलं होतं, आणि मला तर आठवड्यातून दोनदा.

स्वतःचं वजन ते रोज सकाळी, पहिलं पोतं यायच्या आधी करायचे. चपला काढायच्या, किल्ल्या आणि तंबाखूची डबी माझ्या टेबलावर ठेवायची, काट्यावर चढून हात खाली सोडायचे आणि श्वास रोखायचा. आकडा थांबला की लुंगी-बनियनचा अर्धा किलो वजा करायचे आणि शेतकऱ्याचं पोतं असल्यासारखे ओरडायचे. मी तो आकडा गोदामाच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचो.

"तुमीच लिवा ना भाऊ, दार तं तुमच्या बाजूनं हाय," मी एकदा म्हटलं.

"नाही गा. आपलं वजन आपन लिवाचं नाही. मानूस सोतासाठी खोटं बोलते."

म्हणून त्यांचा प्रत्येक आकडा माझ्या हातचा होता.

हे वेड आधीपासूनचंच, पण त्याला दिशा मिळाली ती डॉक्टर मॅडममुळे. हंगामात सगळ्या पंचक्रोशीचा माणूस केंद्रावर येतो, म्हणून सरकारी दवाखान्याच्या लोकांनी एका वर्षी तिथेच तपासणीचं टेबल टाकलं. मी आणि काटेभाऊ गंमत म्हणून बसलो. दोघांनाही साखर निघाली, दोघांनाही बीपी निघाला. नव्याच आलेल्या मॅडम होत्या, वयाने आमच्या मुलींएवढ्या. त्यांनी काटेभाऊंना विचारलं, "भात किती खाता?"

"पोटभर."

"म्हणजे किती वाट्या?"

"आमच्या घरी भात वाटीत बसत नाही, मॅडम."

मॅडम हसल्या. भात बंद करू नका, अर्धा करा, म्हणाल्या. उरलेल्या ताटात भाजी आणि डाळ घ्या, तळलेलं सोडा आणि रोज घाम येईपर्यंत चाला.

"घाम?" काटेभाऊंना राग आला. "मॅडम, मी जनमभर घामच गाळला. या पाठीवरून किती पोती गेली, या बाबूले विचारा."

"काका, पोती वाहणं कधी सुटलं?"

"झाले की खूप वर्षं."

"काम सुटलं. जेवण मात्र हमालाचंच राहिलं."

काटेभाऊंनी स्टूल पुढे ओढलं. मग मॅडमनी आम्हा दोघांना नीट समजावलं. पोटाभोवतीची चरबी नुसती पडून राहत नाही, ती साखरही बिघडवते, रक्तदाबही वाढवते, रक्तवाहिन्या आणि हृदय दोन्ही थकवते. आणि वजन थोडं जरी उतरलं, तरी हे सगळंच थोडं थोडं ताळ्यावर येतं. बारीक व्हायची गरज नाही, थोडं उतरलं तरी चालेल.

"थोडं म्हंजे किती? आकडा सांगा," काटेभाऊ म्हणाले.

"आधी दहा किलो."

"पाव कट्टा."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कट्टा म्हणजे काय ते सांगितलं. "हो, पाव कट्टा," त्या म्हणाल्या, आणि तिथे सौदा झाला.

दुसऱ्या दिवसापासून काटेभाऊ नहराच्या पाळीवरून चालायला लागले. गावापासून पुढच्या गेटपर्यंत जायचं आणि परत यायचं. चालताना एक शब्द बोलायचे नाहीत, कारण बोललं की दम वाया जातो असं त्यांचं म्हणणं. मीही जायचो. महिनाभर गेलो. मग एक दिवस पाऊस आला, मग गुडघा दुखला, मग मुर्रीला साडूकडे कार्यक्रम निघाला, मग हंगाम सुरू झाला. खरं कारण एकच, मी आळशी आहे. सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला खिडकीबाहेर त्यांच्या काठीचा आवाज ऐकू यायचा. ते माझ्या घरासमोर मुद्दाम थांबून दोनदा काठी आपटायचे आणि पुढे जायचे. मी डोळे मिटून पडून राहायचो.

खाण्याचंही त्यांनी स्वतःच्या पद्धतीने बसवलं. भाताच्या गंजाकडे, म्हणजे पातेल्याकडे, पाठ करून जेवायला बसायचे. आधी अंबाडीची भाजी, मग लाखोळीची डाळ, पोट अर्धं भरलं की मागे हात करून म्हणायचे, "दे आता." वहिनींनी वाढलेला भात पुढे आला की तेवढाच खायचा, वळून पाहायचं नाही. लग्नात जाताना खिशात घरची वाटी न्यायचे. पंगतीत तळलेल्या सुवाऱ्या आणि बोंडं वाढणारा आला की ती वाटी पालथी पानावर ठेवायचे. लोक हसायचे, पण त्यांना लोकांच्या हसण्याची सवय होती.

आणि वजन उतरायला लागलं, अगदी खरोखर. दारावरचे माझे आकडे आठवड्याला थोडे थोडे खाली येऊ लागले. वर्षभरात त्यांचा पाव कट्टा गेला, पुढे तसाच दुसरा पाव कट्टाही गेला. मॅडमनी रक्त तपासलं, बीपी पाहिला, आणि बीपीची गोळी अर्धी केली. साखरेच्या दोन गोळ्यांतली एक बंद केली. उरलेली मात्र सोडायची नाही आणि दर तीन महिन्यांनी रक्त दाखवायचं, असं बजावलं. काटेभाऊ पुन्हा थप्पीवर चढू लागले, सगळ्यात वरच्या पोत्यावर उभं राहून खाली मला हाका मारू लागले. त्यांचं घोरणं थांबलं. वहिनी म्हणाल्या, "पैले घोरत होते तं झोप येत नव्हती. आता जिते हायेत का नाही म्हनून हात लावून पाहा लागते."

मला आनंद झाला होता, हे खरं आहे. पोटात जळतही होतं, हेही तितकंच खरं. माझ्या गोळ्या दोनाच्या तीन झाल्या होत्या.

त्यानंतर केंद्रावर पुन्हा तपासणी शिबिर झालं, तेव्हा मॅडमनी त्यांचा सत्कार केला. शाल, नारळ, हार. मॅडम त्यांच्याबद्दल पाचेक मिनिटं बोलल्या. मग काटेभाऊंना बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, माइकपासून तोंड लांब नेलं, कारण त्यांना माइकची गरज नव्हती, आणि ओरडले, "दोन कट्टे अन् चोवीस होतो. आता दोन कट्टे अन् तीन हाव." आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, हसून नाही, मनापासून वाजवल्या. मी त्यांच्या शेजारीच होतो. ते खाली मान घालून शालीची घडी पुन्हा पुन्हा सरळ करत होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्याचं वजन ओरडून सांगितलं होतं, त्यांचं कोणी काही सांगितलं नव्हतं. पुढे आठ दिवस ते ती शाल पांघरून काट्यावर चढत होते आणि शालीचे पाऊण किलो वेगळे वजा करत होते.

त्यानंतर लोक त्यांना बघायला येऊ लागले. कोणाच्या सासऱ्याला साखर, कोणाच्या भावाला बीपी. मुर्रीहून माझे साडू आले, तेव्हा मीही त्यांना घेऊन गेलो. काटेभाऊ सगळ्यांना एकच सांगायचे, भाताकडे पाठ करा आणि नहराकडे तोंड करा. "वा काटेभाऊ, वा," लोक म्हणायचे. ते मान हलवायचे आणि समोरच्याचं वजन अंदाजाने सांगून टाकायचे.

मग मॅडमची बदली झाली. काही महिने त्यांच्या जागी कोणीच नव्हतं, मग एक डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येऊ लागले. त्याच सुमारास एका सकाळी काटेभाऊंनी स्वतःचा आकडा ओरडला तो एकोणऐंशी होता. दोन कट्ट्याच्या आत. त्यांनी केंद्रावर सगळ्यांना मुरमुरे वाटले आणि त्याच दिवशी उरलेल्या गोळ्याही बंद केल्या.

"भाऊ, मॅडमनं सांगतलं होतं, गोळी सोडाची नाही," मी म्हटलं.

"अगा, धान सुकलं का मंग उनात कायले ठेवाचं?"

"पन रक्त तं दाखवून या."

"काटा बोलून राह्यला ना बाबू, मंग तू कायले बोलून राह्यला?"

मी गप्प बसलो. त्या दिवशीचं गप्प बसणं मी स्वतःला माफ करतो. मी एकदा बोललो होतो.

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. धान येतं तेव्हा ओलं असतं. गोदामात महिने-दोन महिने पडलं की सुकतं आणि वजन कमी भरतं. त्याला आम्ही सुकती म्हणतो आणि तेवढी घट सगळ्यांना मान्य असते. आता पोत्यामागे कमी झालेलं वजन सगळं सुकल्यामुळेच असतं असं नाही. काही उंदीर खातात, काही पोतं फाटून सांडतं, काही छत गळून सडतं. पण ते कोण शोधत बसतो? कमी भरलं म्हणजे सुकलं. वीस वर्षं मी आणि काटेभाऊ हेच म्हणत आलो होतो, आणि काटेभाऊंच्या देहाच्या बाबतीतही आम्ही दोघांनी हेच म्हटलं.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. आकडे उतरतच होते. आता तर पहिल्यापेक्षा भराभर उतरत होते. सत्त्याहत्तर, चौऱ्याहत्तर, एकाहत्तर. त्यांची लुंगी कमरेला थांबेना, म्हणून पोती शिवायच्या सुतळीने बांधू लागले. गळ्याखालची कातडी लोंबायला लागली. वहिनी एकदा केंद्रावर डबा घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, "आता तं भात बी पोटभर खातेत, बाबू, तरी वाळूनच राह्यले. शरीराले सवय लागली म्हनतेत." लोक म्हणाले, बघा, एकदा शरीराला वळण लागलं की असं असतं.

मला साखर होती. मला ठाऊक होतं हे काय असतं ते. काटेभाऊंच्या काट्याजवळ आधी पाण्याची एक बाटली असायची, आता तीन असायच्या, आणि दुपारपर्यंत रिकाम्या व्हायच्या. अर्ध्या अर्ध्या तासाला "आलो गा" म्हणून गोदामामागे जायचे. एक दिवस मीही तिथे गेलो, तर ते ज्या जागी बसायचे तिथे मुंग्या लागल्या होत्या. काळ्या मुंग्यांची नुसती रांग. लहानपणापासून ऐकत आलो आहे की साखरेच्या माणसाच्या लघवीला मुंग्या लागतात. मी तिथे उभा राहून त्या बघितल्या. मग चपलेने माती ओढून जागा बुजवली आणि टेबलावर येऊन बसलो.

का, ते सांगतो. दोन वर्षं तो माणूस माझ्या दारापुढे काठी आपटत होता आणि मी अंथरुणात तोंड लपवत होतो. आता त्याचं ते चालणं, ते वाटी पालथी घालणं, सगळं फुकट गेलं असेल तर मी अगदीच नालायक ठरत नव्हतो. इतका हलका विचार होता माझा. शब्दांत कधी आला नाही, पण होता. आणि वर स्वतःला सांगत होतो की लोक त्यांना मान देताहेत, तो आपण कशाला हिसकावून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आकडा ओरडला, मी खडू घेऊन दारावर लिहिला.

मग एक दिवस त्यांनी चुकीचं वजन सांगितलं. एका ठेकेकरी शेतकऱ्याचं धान होतं, घरच्या मोठ्या पोत्यांत ठासून भरलेलं. पोतं काट्यावर ठेवलं, लाल आकडे उमटले, काटेभाऊ ओरडले, "त्रेचाळीस!" शेतकरी म्हणाला, "भाऊ, बराबर पाहा. अठ्ठेचाळीस दिसून राह्यलं." काटेभाऊंनी वाकून पाहिलं. मग अजून वाकून. नाक काचेला टेकायची वेळ आली. त्यांनी डोळे चोळले. आजूबाजूचे हमाल, शेतकरी, सगळे थांबले होते. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून आकडा चुकलेला कोणी ऐकला नव्हता. "अठ्ठेचाळीस," मीच म्हणालो. काटेभाऊ बाजूला झाले. त्या दिवशी उरलेल्या पोत्यांचे आकडे मी ओरडले आणि ते स्टुलावर बसून पाणी पीत राहिले.

तेव्हाही मी त्यांना दवाखान्यात नेलं नाही. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं म्हणालो.

चारच दिवसांनी सकाळी ते वजन करायला काट्यावर चढले आणि खाली उतरले तेव्हा काट्याच्या पत्र्यावर रक्ताचा ठसा होता. त्यांच्या तळपायात पोती शिवायचा दाभण शिरून अर्धा तुटला होता. कधी शिरला त्यांना माहीत नव्हतं. चार बोटं लांब दाभण, आणि त्यांना दुखलंच नाही. आम्ही जीपमध्ये घालून गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि विचारलं, "शुगर कब से चेक नहीं किया?"

"साल होने को आया," वहिनी म्हणाल्या.

"और वजन ऐसे गिर रहा था, तो किसी को कुछ लगा नहीं?"

"साहब, हमको लगा अच्छा हो रहा है."

"अच्छा? शरीर खुद को ही खा रहा था, माताजी."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही माहीत होतं असं नाही, आधार म्हणून पाहिलं असेल. मी बाहेर जाऊन चहाच्या टपरीवर बसलो. पायाची दोन बोटं काढावी लागली.

घरी आल्यावर इन्सुलिन सुरू झालं आणि त्यांच्या अंगावर पुन्हा मांस चढू लागलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे वाढणं चांगलं आहे, शरीर परत बांधलं जातंय. काटेभाऊंना ते पटेना. "वाढून राह्यलं बाबू," ते चोरीचा माल सापडल्यासारखं हळू आवाजात म्हणायचे. एकदा वहिनींना कळलं की ते सुई टोचल्याचं नाटक करतात आणि औषध मोरीत सोडतात. तेव्हापासून वहिनी स्वतः टोचायला लागल्या. तीस वर्षांचा सगळा राग काढल्यासारख्या टोचायच्या, असं काटेभाऊंचं म्हणणं.

मी रोज संध्याकाळी त्यांना फिरायला न्यायला लागलो. तेव्हा कुठे माझं चालणं सुरू झालं, तेही लंगडणाऱ्या माणसाच्या चालीने. त्या चालीने माझे सहा किलो गेले आणि एक गोळी कमी झाली. मॅडम म्हणाल्या होत्या तसंच, थोडं उतरलं तरी फरक पडतो. काटेभाऊंची साखरही बरीच आवरली. पण ते महिने त्यांच्या हृदयाला किती महागात पडले हे कोणी सांगू शकलं नाही. दोन वर्षांनी एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. केंद्रावर आता दुसरा माणूस आहे, हळू बोलतो, दोनदा विचारावं लागतं. मीही पुढच्या वर्षी सुटतो. काम करून नाही, बसून बसून थकलोय.

एका संध्याकाळचं मात्र सांगायचं राहिलं. दवाखान्यातून येऊन त्यांना सहा-सात महिने झाले असतील. आम्ही नहराच्या पुलियावर बसलो होतो. गावापासून हाकेच्या अंतरावरच आहे ती, तेवढ्यानेच त्यांना दम लागायचा. धानाला पाणी सोडलेलं होतं. मला किती दिवस बोलायचं होतं ते मी बोललो. म्हटलं, "भाऊ, मले मालूम होतं. तुमी पानी पिऊन राह्यले होते, मागं जाऊन राह्यले होते, मुंग्या लागल्या होत्या. मले साखर हाय, मले समजत होतं. मी सांगतलं नाही."

त्यांनी काठी बाजूला आडवी ठेवली. मला वाटलं आता शिवी देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"मले बी मालूम होतं," ते म्हणाले.

"काय?"

"मी चालतच नव्हतो ना, बाबू. दिवाळीपासून पायात जीव नव्हता. थकून राह्यलो होतो. काठी घेऊन निघाचं, तुया दारापुढं आपटाचं, अथी येऊन बसाचं तासभर, अन् वापस. भात बी खात होतो. मंग वजन कायनं उतरून राह्यलं, हे काटेवाल्याले समजत नाही का?"

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"कोनाले सांगू? लोकं वा वा म्हनून राह्यले होते. माया जिंदगीत पैल्यांदा." त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. मग विचारलं, "अन् तू? तू काऊन नाही सांगतलं?"

मी खोटं बोलू शकलो असतो. त्या माणसाजवळ बसून ते जमलं नाही. "मले बरं वाटून राह्यलं होतं, भाऊ," मी म्हटलं. "तुमचं बिघडून राह्यलं म्हनून."

काटेभाऊंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "ते बी मालूम होतं," ते म्हणाले, आणि उठायला मदत कर म्हणून हात पुढे केला. मी दोन्ही हातांनी धरून त्यांना उभं केलं.